आबांच्या शेतासाठी एटीव्ही: होंडा, पोलारिस की आणखी काही?

पत्र, थोडक्यात:

इंदूरच्या एका वाचक भगिनी लिहितात. मानपूरजवळ त्यांची १६ बिघे शेती आहे. खालच्या काळ्या मातीत सोयाबीन, मग गहू-हरभरा. वरच्या बरडावर सासऱ्यांनी लावलेली सीताफळाची बाग. दोन्हींच्या मधून गावाचा डांबरी रस्ता जातो. सासरे, म्हणजे आबा, ७१ वर्षांचे आहेत आणि निवृत्तीनंतर बहुतेक काळ शेतावरच राहतात. गुडघे दुखू लागल्यापासून त्यांचं बागेत जाणं कमी झालं आहे. घरची चारचाकी खळ्यापर्यंतच पोचते. पुढची सुमारे एक किलोमीटरची वाट चढाची, दगडांची आणि पावसाळ्यात चिखलाची. नांगरणी-पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरने होते. इंजिनिअरिंगला असलेल्या, कॉलेजच्या बाहा संघात (विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेल्या गाड्यांची स्पर्धा) काम करणाऱ्या मुलाने एटीव्ही, म्हणजे मोटरसायकलसारखं दोन्हीकडे पाय टाकून बसायची, खडबडीत वाटेवरची चार चाकांची गाडी, सुचवली आणि होंडा, यामाहा, पोलारिस, कॅन-ॲम, सीएफमोटो यांचा तक्ता केला. त्याचा कौल होंडाला, यजमानांचा स्वस्त म्हणून सीएफमोटोला. शिवाय ओळखीतल्या एकांकडे सुझुकीची जुनी ओझार्क २५० विकाऊ आहे. मुदत ठेव मोडून ९ लाखांची तयारी आहे. पुढे शेतावर पाहुणे ठेवायचाही विचार आहे. ‘यांतली कोणती कंपनी सगळ्यांत भरवशाची तेवढं सांगा, म्हणजे घरातला वाद मिटेल.’

नमस्कार ताई,

तुमच्या मुलाचा तक्ता मी लक्ष देऊन वाचला. त्याने मनापासून मेहनत घेतली आहे आणि होंडाबद्दलचं त्याचं मत बरोबर आहे. म्हणून आधी त्याच्या बाजूनेच बोलते.

होंडाच्या रँचर आणि फोरमन या शेतीकामाच्या एटीव्हींचं नाव जगभर टिकाऊपणासाठी घेतलं जातं, त्यामागे रचनेचं कारण आहे. त्यांच्यात रबरी पट्टा नाही. इंजिन गाडीच्या लांबीत बसवलेलं, पुढे गिअर, आणि तिथून शाफ्टने चाकांपर्यंत ताकद. पोलारिस, कॅन-ॲम, सीएफमोटो, यामाहा या सगळ्यांत सीव्हीटी असते, म्हणजे आपल्या गिअरलेस स्कूटरमध्ये असतो तसा पट्टा, फक्त जाडजूड. पट्टा ही वाईट गोष्ट नाही. पण चढावर ओझं ओढताना चालवणारा ‘हाय’मध्येच, म्हणजे वेगाच्या गिअरमध्येच, रेटत राहिला की पट्टा घसरतो, तापतो आणि जळतो. ‘लो’ टाकून चालवली तर तोच पट्टा पुष्कळ टिकतो. यामाहाने यावर चांगला तोडगा काढला आहे: वेगळ्या क्लचमुळे पट्टा कायम ताणलेला राहतो, त्याची झीज कमी होते आणि उतारावर इंजिनचा ब्रेक चारही चाकांना लागतो. तुमच्या बरडासारख्या जागी उताराचा हा ब्रेक चढाच्या ताकदीपेक्षा जास्त मोलाचा. पोलारिसचं बलस्थान म्हणजे मागचं चाक घसरताच पुढची चाकं आपोआप जोडली जाणं, आणि मऊ बैठक. सीएफमोटो त्याच पैशांत विंच (अडकलेली गाडी ओढून काढायची दोराची चरखी), पॉवर स्टिअरिंग असं बरंच काही देते. यजमानांना ती आवडली यात नवल नाही. कॅन-ॲमची ताकद तुमच्या कामाला लागणारच नाही, ती बाजूला ठेवा.

तक्त्यात पोलारिसपुढे मुलाने ‘आग?’ असं लिहिलं आहे, तेवढं स्पष्ट करते. अमेरिकेत २०१८ मध्ये पोलारिसने २ कोटी ७२ लाख ५० हजार डॉलरचा दंड भरायचं मान्य केलं, कारण आगीला कारण ठरणारे दोष तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाला वेळेत कळवले नव्हते. ते प्रकरण आरझेडआर आणि रेंजर या शेजारी-शेजारी बसायच्या गाड्यांचं होतं. तक्त्यातली स्पोर्ट्समन त्यात नव्हती.

ओझ्याचे आकडे मात्र त्याने फक्त ओढण्याचे लिहिले, लादण्याचे नाहीत. रँचर सुमारे ३८५ किलो ओढते, यामाहाची ग्रिझली ६०० किलो. पण रँचरच्या मागच्या रॅकवर ठेवता येतात ६० किलो आणि पुढे ३०. स्पोर्ट्समन ५७० वर मागे ८० आणि पुढे ४० च्या आसपास. युरियाची गोणी ४५ किलोची. म्हणजे दोन गोण्या मागे टाकल्या की कोणत्या कंपनीची गाडी आहे याला फारसा अर्थ उरत नाही, चढावर तिचं तोंड उचललं जाणार. आणि आपल्याकडे दोन गोण्या टाकल्या जातातच.

आता तक्त्यात नसलेल्या गोष्टीकडे येते. त्यातला भरवशाचा प्रत्येक आकडा अमेरिका-ऑस्ट्रेलियातल्या वापरणाऱ्यांचा आहे. तिथे गाव तिथे विक्रेता आहे, पार्ट दोन दिवसांत येतो, आणि शेतकऱ्याच्या शेडमध्ये स्वतःची हत्यारं असतात. भरवसा हा गुण फक्त मशीनमध्ये नसतो. ते बिघडल्यावर किती दिवसांत पुन्हा चालू होतं, यात तो मुख्यतः असतो. होंडा भारतात एटीव्ही विकत नाही. कुणी मागवून दिली तरी तिच्या पुढच्या एक्सलचा रबरी बूट, म्हणजे सांध्यावरचं आवरण, फाटला, आणि दगडांत तो फाटतोच, तर महूचा कोणता मिस्त्री तो बदलेल? पार्ट कुठून आणेल? चांगलं यंत्र पार्टअभावी सोयाबीनच्या ऐन हंगामात शेडमध्ये उभं राहणं हे मला कमी भरवशाच्या यंत्रापेक्षा वाईट वाटतं, कारण त्याच्यावर तुम्ही ९ लाख रुपये आणि आबांची आशा लावलेली असते.

यात मोठ्या नावाचीही हमी नसते. आयशर आणि पोलारिस यांनी २०१२ मध्ये भागीदारी केली, जयपूरला कारखाना उभारला आणि २०१५ मध्ये मल्टिक्स नावाची डिझेल गाडी आणली. कल्पना फार चांगली होती: घरची माणसं बसतील, सामान जाईल आणि गरज पडली तर तिच्यावरून वीजही घेता येईल. ग्रामीण भारतासाठीच ती बनवली होती. मार्च २०१८ मध्ये तो उद्योग बंद करण्याचा निर्णय झाला. दोन्ही कंपन्या नामांकित, यंत्र इथेच बनलेलं, तरी अवघ्या तीन वर्षांत हे झालं. ज्या गाडीची विक्रीच थांबली ती शिकून घ्यायचं कोणत्याही मिस्त्र्याला कारण उरत नाही. एटीव्ही हा आपल्याकडे अजून लहान धंदा आहे. पुढच्या दहा वर्षांचा विचार करताना हे गृहीत धरायला हवं.

किमतीचंही तसंच. मुलाने डॉलरचे रुपये केले आहेत. अमेरिकेत या वर्गातल्या गाड्या साधारण ६ ते ११ हजार डॉलरना मिळतात, म्हणून तक्त्यात त्या तुमच्या बजेटमध्ये आरामात बसलेल्या दिसतात. पण परदेशातून तयार येणाऱ्या वाहनावर जबर आयात कर लागतो, वर जहाजाचं भाडं, विक्रेत्याचा नफा. उदाहरण सुझुकीचंच घ्या. ओझार्क २५० भारतात २०१४ च्या अखेरीस आली तेव्हा तिची किंमत ५ लाख ४५ हजार होती. २४६ सीसीचं इंजिन आणि फक्त मागच्या चाकांना ताकद असलेल्या छोट्या गाडीचे हे पैसे! तुमच्या ओळखीतल्यांची ओझार्क कितीही स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका. दोन चाकांच्या ताकदीवर ती तुमच्या पावसाळ्यातल्या वाटेवर अडकेल, आणि तिला नोंदणी क्रमांक मिळत नाही.

नोंदणीचा प्रश्न तुमच्या पत्रात कुठेच नाही, आणि तुमच्या बाबतीत तो सगळ्यांत अवघड आहे. शेताच्या दोन भागांमधून गावाचा रस्ता जातो, असं तुम्हीच लिहिलं आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ३९ प्रमाणे नोंदणी नसलेलं वाहन सार्वजनिक जागी चालवता येत नाही आणि कलम १४६ प्रमाणे तिसऱ्या पक्षाचा विमा नसेल तरी चालवता येत नाही. रस्ता फक्त ओलांडायचा आहे, हा बचाव होत नाही. आबा दिवसातून चार वेळा तो रस्ता ओलांडतील. एखादा मोटरसायकलवाला वळणावरून येऊन धडकला, तर चूक त्याची असली तरी बिननोंदणीच्या, बिनविम्याच्या गाडीवर बसलेले आबा अडचणीत येतील, आणि भरपाईचा आकडा ९ लाखांच्या कितीतरी पुढे जाऊ शकतो. जुनी एटीव्ही विकणारे ‘शेतात कोण विचारतंय’ असं म्हणतात. शेताच्या आत खरंच कुणी विचारत नाही. तुमचं शेत मात्र दोन तुकड्यांत आहे.

या एका कारणाने तक्त्यातली बहुतेक नावं गळतात. पोलारिसने भारतात स्पोर्ट्समन ५७० ची ट्रॅक्टर म्हणून मान्यता असलेली, नोंदणी होणारी आवृत्ती आणली होती; २०२० च्या सुमारास तिची शोरूम किंमत ८ लाखांच्या आसपास होती. तुमच्या यादीत कायद्याने रस्ता ओलांडू शकेल अशी गाडी असेल तर ती तेवढीच. म्हणून ‘कोणती कंपनी’ याचं सरळ उत्तर हवं असेल तर ते पोलारिस आहे, तेही याच आवृत्तीत आणि आज ती आपल्या आरटीओत नोंदवून मिळेल असं विक्रेता लिहून देत असेल तरच.

पण मला वाटतं, तुम्ही ती घेऊ नये. कारण सांगते.

पत्र वाचताना एक गोष्ट मला सतत जाणवली. मुलाचं मत आहे, यजमानांचं आहे, तुमची काळजी आहे. आबांचं मत नाही. ज्यांच्यासाठी एवढा खर्च करायचा ते यावर काय म्हणाले? मला शंका आहे की त्यांना अजून विचारलेलंच नाही, कारण हे सगळं त्यांना सुखद धक्का म्हणून द्यायचं ठरलं असावं. त्यामागची माया मला कळते. तरीही आधी विचारा.

एटीव्हीवर बसायचं म्हणजे ८२ ते ८६ सेंटीमीटर उंचीच्या बैठकीवर पाय टाकून चढायचं. दुखऱ्या गुडघ्याने ते दर वेळी करायचं, उतरताना पुन्हा तेच. आणि चालवणं हे नुसतं बसणं नसतं. आडव्या उतारावर शरीराचं वजन वरच्या बाजूला झुकवावं लागतं, चढावर पुढे सरकावं लागतं, खडबडीत जागी पायांवर अर्धवट उभं राहावं लागतं. ज्यांना हे जमतं त्यांना एटीव्ही फार आज्ञाधारक वाटते. ज्यांचे गुडघे वजन घेत नाहीत त्यांच्या हातात ती उलटते. तीनशे किलोच्या आसपासचं यंत्र अंगावर पडलं आणि आसपास कुणी नसलं तर माणूस खालून निघू शकत नाही. एटीव्हीवरच्या मृत्यूंमध्ये हे उलटणं आणि चिरडणं मुख्य आहे.

हे घाबरवण्यासाठी सांगत नाही. ऑस्ट्रेलियात शेतकरी वर्षानुवर्षे याच गाड्या वापरतात, आणि तिथल्या सरकारने नियम केला की ११ ऑक्टोबर २०२१ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या शेतीच्या एटीव्हीला चालकाच्या मागे संरक्षक कमान हवीच. गाडी उलटली तरी माणसाला जागा मिळावी म्हणून. होंडा, यामाहा आणि पोलारिस यांनी कमान बसवण्याऐवजी त्या बाजारातून अशा एटीव्ही काढून घ्यायचा मार्ग धरला. सीएफमोटो कमान लावून टिकून राहिली. मुलाच्या तक्त्यात चिनी म्हणून तळाला असलेली कंपनी या एका बाबतीत शेतकऱ्याच्या बाजूने उभी राहिली, हे त्याला जरूर सांगा. आपल्याकडे असा नियम नाही, त्यामुळे इथे कोणतीही एटीव्ही घेणाऱ्याने ती कमान स्वतः मागून बसवून घ्यावी.

यापेक्षा साइड-बाय-साइड प्रकारची गाडी आबांना सोयीची. मोटारीसारखी बैठक, स्टिअरिंग, सीटबेल्ट, डोक्यावर लोखंडी पिंजरा, मागे सामानाचा हौदा. कावासाकी म्यूल, कुबोटा आरटीव्ही, होंडा पायोनियर, पोलारिस रेंजर ही त्यातली नावं. कुबोटाची डिझेल आरटीव्ही तर हायड्रोस्टॅटिक आहे, म्हणजे तेलाच्या दाबाने चाकं फिरवते, पट्ट्याचा प्रश्नच नाही, आणि शेतावर डिझेल तसंही असतं. प्रकार म्हणून हाच योग्य, हे मला ठामपणे वाटतं. पण किंमत तुमच्या बजेटपलीकडे जाते आणि रस्ता ओलांडायची अडचण इथेही तशीच.

मग काय करायचं? मला वाटतं, तुमच्या घरात दोन गरजा एकाच यंत्राच्या नावाखाली एकत्र आल्या आहेत. आबांना बागेत पोचायचं आहे. आणि बागेला खत, पाणी, फवारणी, सीताफळाच्या क्रेट यांची ने-आण हवी आहे. या दोन वेगळ्या गरजा आहेत, आणि त्यांची उत्तरंही वेगळी आहेत.

आबांच्या गरजेचं उत्तर मला गाडीपेक्षा वाटेत दिसतं. एक किलोमीटर वाट, खालचा भाग काळ्या मातीचा आणि वर दगड. मानपूरच्या भागात मुरूम मिळतो. जेसीबीने चढ थोडा कापून, काळ्या मातीच्या तुकड्यात दोन्ही बाजूंना चर काढून, मधे मुरमाचा जाड थर रोलरने दाबून घेतला आणि पाणी आडवं जातं तिथे एक-दोन ठिकाणी पाइप टाकले, तर घरची चारचाकी बागेपर्यंत जाऊ शकेल. काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. मुरूम नुसता पसरला तर पहिल्याच श्रावणात तो खाली बसून दिसेनासा होईल. म्हणून चर आणि दाबणं यांवर पैसे वाचवू नका. हे काम ९ लाखांच्या छोट्या हिश्श्यात होईल. ही वाट तुमच्याकडे राहील, तिला पार्ट लागत नाहीत, आणि पुढे पाहुणे येतील तेव्हाही तीच लागणार आहे. चढ फार खडा निघाला आणि साधी गाडी नाहीच गेली, तर जुनी, चांगल्या अवस्थेतली फोर-व्हील गाडी बघा. मारुतीची जिप्सी बंद झाली असली तरी तिचे मिस्त्री आपल्याकडे गावोगाव आहेत. बघायची असेल तर फोर्सची गुरखा इंदूरजवळ पिथमपूरलाच बनते. फक्त जिप्सीचे स्प्रिंग कडक असतात. आबांची कंबर कशी आहे ते बघून ठरवा.

शेताच्या गरजेसाठी छोटा फोर-व्हील ट्रॅक्टर तपासा. महिंद्राचा जिवो २४५ किंवा कुबोटाचा निओस्टार बी २४४१, दोन्ही २४ अश्वशक्तीचे, बागेच्या ओळीत शिरतील इतके अरुंद. किंमत साधारण ५ ते ७ लाखांच्या घरात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे, सुट्या भागांवरचा आणि टायरवरचाही ५ टक्के. एटीव्हीला पीटीओ, म्हणजे इंजिनची ताकद अवजाराला देणारा फिरता दांडा, नसतो. म्हणजे रोटाव्हेटर नाही, पीटीओवरचा फवारणी पंप नाही, अवजार मागे जोडून उचलायची थ्री-पॉइंट लिंकेज नाही. ती ओढेल आणि वाहून नेईल, एवढंच. तुम्ही नांगरणीसाठी दर वर्षी भाडं देता. छोटा ट्रॅक्टर त्यातला काही भाग तरी वाचवेल. पाऊस लागला की काळ्या मातीत तो एटीव्हीइतका हलका चालणार नाही, हे खरं आहे. एटीव्हीचे फुगीर टायर ५ ते ७ पीएसआयवर चालतात आणि जमीन फारशी दाबत नाहीत. हा तिचा मोठा गुण मी नाकारत नाही. पण इंदूर-महू पट्ट्यात ट्रॅक्टर दुरुस्त करणारा माणूस शोधावा लागत नाही. जॉन डिअर देवासला ट्रॅक्टर बनवते, बाकी कंपन्यांचे विक्रेते तालुक्याच्या गावी आहेत. आणि ट्रॅक्टरबद्दल इंटरनेटवरच्या मतांवर विसंबायचीही गरज नाही: आपल्याच राज्यात बुदनीला १९५५ पासून केंद्र सरकारची शेतीयंत्रं तपासणारी संस्था आहे. तिचे चाचणी अहवाल मागून मुलाने आता त्यांचा तक्ता करावा. राज्याच्या ई-कृषी यंत्र अनुदान पोर्टलवर काय मिळतं तेही बघा.

हा ट्रॅक्टर गड्याने चालवायचा, आबांनी नाही. आडव्या उतारावर ट्रॅक्टरही उलटतो. आणि ट्रॉलीत किंवा मडगार्डवर बसून आबांनी बागेत जायचं नाही, हे आधीच सगळ्यांसमोर ठरवून टाका.

पाहुण्यांच्या फेऱ्यांबद्दल माझं मत अगदी कडक आहे: तो विचार सोडा. एकट्याच्या एटीव्हीवर मागे माणूस बसवायचा नसतो, ९० सीसीच्या वरची गाडी १६ वर्षांखालच्या मुलाच्या हातात द्यायची नसते. शेतीसाठी ट्रॅक्टर म्हणून नोंदवलेल्या गाडीवरून पैसे घेऊन फेऱ्या मारणं ही शेती नाही, विमा कंपनी हे पहिल्याच दिवशी म्हणेल. पाहुण्यांना सीताफळं तोडू द्या, जानापावच्या डोंगरावर न्या.

असाच प्रश्न इतर काही वाचकांनाही पडला असेल आणि त्यांची परिस्थिती वेगळी असेल. शेत सलग आहे, रस्ता आड येत नाही, चालवणारा धडधाकट आहे, आणि रोजच्या कुंपणाच्या फेऱ्या किंवा ठिबकच्या नळ्या तपासणं असं हलकं पण सततचं काम आहे, तर एटीव्ही खरोखर उपयोगी. त्यांनी कंपनी निवडताना सीसीकडे सगळ्यांत शेवटी बघावं. विक्रेत्याकडून पाच वस्तूंची किंमत आणि पोचण्याचे दिवस लेखी घ्यावेत: सीव्हीटीचा पट्टा, पुढचा एक्सल, चाकाचं बेअरिंग, ब्रेक पॅड, इंजिनला पेट्रोल पोचवणारा पंप. जो पाचही गोष्टी लिहून देईल त्याची कंपनी तुमच्यासाठी भरवशाची. जो ‘सब मिल जाएगा’ म्हणतो त्याच्याकडून निघावं. पट्टा आणि एक्सलचे बूट गाडीबरोबरच जास्तीचे घेऊन ठेवावेत. हौशी फेऱ्यांचे ट्रॅक जिथे चालतात तिथल्या मिस्त्र्याला भेटावं. दिवसभर अनोळखी माणसांच्या हातात चालणाऱ्या गाड्यांत काय तुटतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. जुनी घेताना किलोमीटरबरोबर तासांचं मीटर बघावं, कारण या गाड्यांची सर्व्हिस तासांवर असते. एक्सलचे बूट चिरलेले आहेत का, एअर फिल्टरच्या डब्यात चिखलाची रेघ आहे का, तेल दुधट झालं आहे का हेही बघावं. चिखलाची रेघ दिसली तर पाणी आत गेलेलं आहे, व्यवहार तिथेच थांबवावा.

तुमच्या मुलाबद्दल एक सांगायचं राहिलं. त्याचा सल्ला मानला नाही म्हणून तो हिरमुसेल, अशी काळजी तुमच्या पत्रात दिसते. पिथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्रावर २००७ पासून बाहाची स्पर्धा होते. दहा अश्वशक्तीच्या इंजिनावर स्वतः बांधलेली गाडी चार तासांच्या शर्यतीत चिखल-दगडांतून नेताना काय होतं, हे त्याने पाहिलं आहे. तिथे सगळ्यांत ताकदवान गाडी जिंकतेच असं नाही. तुटलेला भाग हाताशी असलेला आणि तो झटपट बदलता येणारा संघ टिकतो. त्याला विचारा, तक्त्यातल्या पाच गाड्यांपैकी कोणती गाडी तो मानपूरला, स्वतः इंदूरला असताना, फोनवर गड्याला सांगून चालू करून घेऊ शकेल. मला वाटतं तो स्वतःच तक्ता बदलेल. वाटेचं कामही त्याच्याकडेच द्या: चढाची मोजणी, चर कुठे, पाइप कुठे. त्याला ते जमेल आणि आवडेलही.

क्रम असा ठेवा. या रविवारी आबांना विचारा, आणि ते ‘मला आता तेवढं वर जायचं नाही’ म्हणाले तर तेही ऐकून घ्या. बागेत त्यांना काय बघायचं असतं, कोणत्या महिन्यांत जायचं असतं, हे त्यांच्याकडून समजून घ्या. फवारणीवर लक्ष ठेवणं आणि तोडणीच्या वेळी हजर असणं एवढंच असेल तर गरज वर्षातल्या काही आठवड्यांपुरतीच असेल. गहू निघाला की मेअखेरपर्यंत वाट करून घ्या, मुदत ठेव सध्या मोडू नका. पावसाळा त्या वाटेवरून जाऊ द्या. दसऱ्याच्या सुमारास तोडणी सुरू होईल तेव्हा क्रेट खाली आणायला खरंच किती त्रास होतो ते दिसेल, आणि ट्रॅक्टर घ्यायचा की भाड्यावरच भागतं हे तेव्हा ठरवा. त्यानंतरही एटीव्हीच हवी असं आबांसकट सगळ्यांना वाटलं, तर विक्रेत्याला गाडी घेऊन मानपूरला बोलवा आणि आबांना त्या बैठकीवर स्वतः चढून-उतरून बघू द्या.